दहा हँडसेट, दहा खांद्यावरचे माईक: कामाच्या नोंदी

हातात धरायचे वॉकीटॉकी आधीपासून आहेत आणि आता त्यांना खांद्यावर अडकवायचे स्पीकर-माईक लावायचेत, अशांसाठी या नोंदी. आम्ही काही परवानाधारक हौशी रेडिओवाले डोंगरातल्या एका रात्रीच्या धावण्याच्या स्पर्धेला संपर्काची मदत करतो. १० हँडसेट, सगळे २ मीटर बँडचे (म्हणजे तरंगलांबी साधारण २ मीटर), ५ वॉटचे, कडेला केनवूड पद्धतीचा दोन पिनांचा जॅक. मधल्या कड्यावर २५ वॉटचा तात्पुरता रिपीटर, म्हणजे हँडसेटचं बोलणं उचलून जास्त ताकदीने पुढे पाठवणारा संच. गेल्या वेळी हँडसेट पाठपिशवीत, पिशवीवर रेनकोट आणि दोन्ही हातांत काठ्या. हाका मारून घसा बसला तरी पलीकडून ओ नाही. तेव्हाच ठरलं, पुढच्या खेपेला प्रत्येकाच्या खांद्यावर माईक. दोन शनिवारांचं काम वाटलं होतं. दोन महिने गेले.

२ मार्च

माईक मागवले. फोटोत दोन पिना दिसल्या, एक जाड, एक बारीक. आपल्या हँडसेटलाही तशीच दोन भोकं. झालं, १० नग सांगून टाकले.

१० मार्च

पार्सल आलं. एकही बसत नाही.

मोटोरोला पद्धतीचा प्लगही दोन पिनांचाच असतो, ३.५ मिमी आणि २.५ मिमी, अगदी केनवूड पद्धतीसारखा. पण दोन पिनांमधलं अंतर वेगळं आणि आतली जोडणीही वेगळी. फोटोवरून हे कळत नाही. आमच्यातल्या एका दादांनी ‘जरा तिरकं दाबून बघतो’ म्हणत जोर लावायला घेतला होता, वेळेवर हात धरला. बसला असता तरी चाललं नसतंच, आणि जॅक मात्र गेला असता.

मागवण्याआधी हँडसेटच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं आणि विकणाऱ्याला तो आकडा विचारायचा. पाच मिनिटांचं काम. ते केलं नाही म्हणून नऊ दिवस गेले, शिवाय परत पाठवायचा खर्च आमच्या माथी.

१९ मार्च

योग्य प्लगचे माईक हातात. सगळे लावले. चार हँडसेट मुके.

मुके म्हणजे पूर्ण मुके. माईकमधून आवाज नाही आणि हँडसेटच्या स्वतःच्या स्पीकरमधूनही नाही. हिरवा दिवा लागतोय, म्हणजे कोणीतरी बोलतंय, पण ऐकायला काही नाही. पहिला तर्क, माईक खराब. अदलाबदल केली तर तोच माईक दुसऱ्या हँडसेटवर छान चालतोय. मग हँडसेट खराब? तेही नाही, माईक काढला की हँडसेट नीट बोलतोय.

दोष त्या चार हँडसेटच्या रबरी कव्हरमध्ये होता. जॅकपाशी कव्हरचं भोक जरा लहान. प्लगचा खांदा कव्हरच्या कडेवर टेकतो आणि पिना शेवटचे एक-दोन मिलिमीटर आत जात नाहीत. जॅकच्या आत एक स्प्रिंगची पट्टी असते. पिन आत शिरली की ती आतल्या स्पीकरची वाट तोडते. वाट तुटायला पिन अर्धी गेली तरी पुरते, नवीन वाट जुळायला मात्र ती पूर्ण बसावी लागते. मधल्या जागेत अडकलात तर इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही.

कव्हरची भोकं कटरने मोठी केली. एका कव्हरला घाईत फारच मोठं भोक झालं, ते आता तसंच राहणार. ज्या माईकच्या प्लगला बाजूने स्क्रू आहे तो स्क्रू आवळायचाच, नुसता दाबून बसवलेला प्लग झुडपात एका ओढीने निघतो. आमच्या दहापैकी सहांनाच स्क्रू आहे. पुढच्या वेळी स्क्रूशिवाय घेणार नाही.

२० मार्च

प्रत्येक माईक मल्टिमीटरवर तपासला. हे आधीच करायला हवं होतं.

केनवूड पद्धतीत २.५ मिमीच्या पिनेचं टोक स्पीकरचं आणि तिचा मुळाकडचा भाग अर्थ, म्हणजे ग्राउंड. ३.५ मिमीच्या पिनेचा मधला पट्टा माईकचा आणि तिचा मुळाकडचा भाग पीटीटीचा, म्हणजे दाबून बोलायच्या बटणाचा. पीटीटी बटण दाबलं की दोन्ही पिनांचे मुळाकडचे भाग एकमेकांना जोडले जातात, बस्स, एवढ्यावर हँडसेट ट्रान्समिटला जातो, म्हणजे आपलं बोलणं पाठवायला लागतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, दोन काड्या दोन मुळांना, बटण दाबलं की बीप, सोडलं की गप्प.

नऊ बटणं दाबली-सोडली तशी वागली. दहावं (माईक क्र. ७) सोडल्यावरही कधीकधी बीप चालू ठेवतं, तळव्याने थोपटलं की गप्प होतं. खोललं तर बटणाच्या रबराखाली प्लास्टिकचा बारीक चुरा, साचातून निघताना राहिलेला. ब्रशने साफ केलं. या क्र. ७ चं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

स्पीकरसाठी मीटर ओहमवर ठेवून २.५ मिमीचं टोक आणि मूळ. काडी टेकताच स्पीकरमधून खर्रकन आवाज येतो आणि ८ ओहमचा स्पीकर साधारण ७ च्या आसपास दाखवतो. आवाज आला नाही तर तिथेच केबल तुटलेली समजा.

प्रत्येक माईकवर आणि प्रत्येक हँडसेटवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकले. जोड्या कायम. यापुढे ‘हा बिघडलाय’ असं कोणी म्हणालं की कुठला, हे कळेल.

२३ मार्च

घरात बसून, वेगवेगळ्या खोल्यांतून, १ वॉटवर आवाजाची परीक्षा. सात जण स्पष्ट, तीन जण गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखे.

त्यातला एक माईकचा दोषच नव्हता. ताई माईकच्या जाळीत बोलत होत्या. जाळी स्पीकरची. माईकचं भोक वेगळं, टाचणीच्या डोक्याएवढं, आमच्या मॉडेलमध्ये खालच्या कोपऱ्यात. कोणाला सांगितल्याशिवाय ते दिसत नाही. ‘एवढी मोठी जाळी सोडून त्या छिद्रात कोण बोलेल?’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दहाही माईकवर त्या छिद्राभोवती पांढरं वर्तुळ काढलं. सबंध प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी दुरुस्ती हीच.

उरलेल्या दोघांत खरा दोष. खोलल्यावर दिसलं, माईकची बारकी डबी आतल्या आत सरकलेली, छिद्राच्या समोर नाहीच. सायकलच्या ट्यूबचा छोटा गोल तुकडा कापून त्याचं बूच केलं, डबी त्यात घट्ट बसवली. आवाज खणखणीत.

खोलताना एक माईक वाया गेला. पाण्यापासून वाचवणारी पातळ रबरी कडा मी स्क्रूड्रायव्हरने फाडली. आता तो कोरड्या जागेसाठीच.

३० मार्च

पहिली डोंगरावरची चाचणी. इथे सगळा प्रकल्प फिरला, म्हणून सविस्तर.

हँडसेट कमरेच्या पट्ट्याला, केबल पाठीवरून वर, माईक डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर. ऐकू येतंय एकदम झकास, चालताना, वाऱ्यात, डोक्यावर टोपी असतानाही. सगळे खूश. आणि तासाभरात रिपीटरपाशी बसलेला गडी ओरडायला लागला, ‘तुमचं कोणाचंच धड येत नाहीये. अर्धा शब्द येतो, अर्धा खरखर.’

गेल्या वर्षी, माईक नसताना, याच जागांवरून स्वच्छ संपर्क होता. माणसं तीच, हँडसेट तेच, अँटेना त्याच. बदललं काय? माईक. मग दोष माईकचाच, नाही का? अर्धा दिवस आम्ही माईक बदलत बसलो. प्लग पुसले. ‘जरा जोरात बोला’, ‘जरा लांबून बोला’. एका दादांनी रागाने माईक उपटून काढला, हँडसेट तोंडाशी धरून बोलले, आणि रिपीटरवरून उत्तर आलं, ‘आत्ता कसं! एकदम क्लिअर.’

माईकवाल्या पक्षाचा पराभव झाला असं सगळ्यांना वाटलं. पण मग त्यांनाच मी म्हटलं, माईक परत लावा, पण हँडसेट हातात धरून डोक्याएवढा उंच करा आणि माईकमध्येच बोला. तेही एकदम क्लिअर.

माईकने काही बिघडवलं नव्हतं. आतापर्यंत आम्ही बोलायला हँडसेट तोंडाशी नेत होतो, तेव्हा अँटेनाही नकळत डोक्याएवढी उंच जात होती. माईकने तोंड सोडवलं आणि अँटेना कमरेला बांधून टाकली. तिथे ती शरीराला चिकटून, आणि शरीर म्हणजे बहुतांशी खारट पाणी. जे पाठवायचं त्यातलं बरंच ते स्वतःच गिळतं. रिपीटरच्या दिशेला पाठ केली की हँडसेट आणि रिपीटर यांच्यात अख्खा माणूस.

ऐकू मात्र छान का येत होतं? कारण रिपीटर २५ वॉटचा, कड्यावर, उंच दांडीवर. त्याचा आवाज गिळूनही पुरून उरतो. आमचे ५ वॉट उरत नाहीत. म्हणून आपल्याला ऐकू येतंय याचा अर्थ आपण ऐकू जातोय असा होत नाही.

खात्री करायला एकाच दगडावर उभं राहून चार वेळा बोललो. हातात धरून ५ वॉट, स्वच्छ. हातात धरून १ वॉट, किंचित खरखर पण प्रत्येक शब्द कळतो. कमरेला ५ वॉट, रिपीटरकडे तोंड, निम्मं कळतं. कमरेला ५ वॉट, रिपीटरकडे पाठ, फक्त बटण दाबल्याचा आवाज. पाच पट ताकद लावूनही कमरेवरचा हँडसेट हातातल्या १ वॉटची बरोबरी करू शकला नाही.

अर्धा दिवस गेला त्याचं वाईट नाही. वाईट याचं की अँटेना उंच हवी हे दहाही जणांना परवान्याच्या परीक्षेपासून पाठ आहे, आणि एकालाही पट्ट्याकडे बघायचं सुचलं नाही.

३१ मार्च

मग हँडसेट ठेवायचा कुठे?

छातीवरची पिशवी करून पाहिली. उंची बरी मिळाली, पण अँटेना हनुवटीला टोचते आणि चढावर वाकलं की सरळ डोळ्याकडे येते. नको.

पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला, उंच. अँटेनाचं बूड खांद्याच्या रेषेत, अँटेना सगळी वर. हे जमलं. रिपीटरवाल्याने सांगितलं, हातात धरल्याइतकं नाही, पण प्रत्येक शब्द येतोय. माईक समोरच्या, म्हणजे दुसऱ्या पट्ट्यावर.

जे एका जागी बसणार त्या दोन चौक्यांसाठी एक वेगळा उपाय केला. रबरी अँटेना साधारण १७ सेंटिमीटरची, या बँडवर पाव तरंगलांबी मात्र अर्ध्या मीटरच्या आसपास. हँडसेट हातात असतो तेव्हा हात आणि अंग मिळून अँटेनाची उरलेली बाजू सांभाळतात. पट्ट्यावर तो आधार जातो. म्हणून अँटेनाच्या मुळाशी, अर्थच्या कड्याला ४९ सेंटिमीटरची मऊ वायर लावून खाली लोंबती सोडली. फरक लगेच कळला. पण चालणाऱ्यांना ही शेपटी नको, एकीची झुडपात अडकून तुटली, दुसऱ्याने स्वतःच पाय देऊन तोडली.

६ एप्रिल

एक दुखणं संपलं की दुसरं हजर. हँडसेट खांद्यावर आला, म्हणजे माईकची केबलही अँटेनाच्या शेजारी आली.

तीन जणांची तक्रार एकच: बटण सोडलं तरी लाल दिवा जात नाही. हँडसेट ट्रान्समिटमध्ये अडकून बसतो, बंद करून चालू केल्याशिवाय सुटत नाही. दोघांच्या आवाजात भुंग्यासारखी गुणगुण. १ वॉटवर काही नाही, ५ वर सगळं. केबल हाताने अँटेनापासून लांब धरली की बरं, जवळ आली की परत.

हे बटण नाही. अँटेनातून निघणारी शक्ती केबलवर चढते, माईकच्या वायरींतून हँडसेटमध्ये परत शिरते आणि हँडसेटला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. आपण ट्रान्समिट करतोय म्हणून ती शक्ती आहे, आणि ती शक्ती आहे म्हणून आपण ट्रान्समिट करतोय. सुटणार कसं?

पहिला उपाय, केबलवर चढणारी ही शक्ती अडवणारा, मिटून लावायचा फेराईटचा तुकडा, ४३ नंबरच्या मिश्रणाचा, प्लगच्या अगदी जवळ. एक वेढा घालून काही झालं नाही. तीन वेढे घातल्यावर गुणगुण गेली आणि तीनपैकी एक हँडसेट सुटला. वेढे घालायला केबलचा सरळ भाग लागतो, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला भाग फेराईटमध्ये मावत नाही. आमच्या केबलला प्लगपाशी सरळ भाग जेमतेम बोटभर, म्हणून तिथली थोडी गुंडाळी ओढून सरळ करावी लागली.

दोघांसाठी माईक खोलून डबीच्या दोन टोकांना १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला, पाय होतील तितके आखूड ठेवून. त्याने दोन्ही सुटले. सोल्डर गनचं टोक डबीला दोन सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. मी लावलं, डबी मेली. सुट्या डब्या दोन आणून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

फेराईटचा उपद्रवही आहे. तो जड असतो आणि चालताना प्लगला सतत खाली ओढतो. केबल फेराईटच्या वर पट्ट्याला टेपने बांधली, मग ओढ थांबली.

सगळ्या हँडसेटवर टाइम-आउट टायमर (ठरलेल्या वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप तोडणारा) ६० सेकंदांवर लावला. आधी तो कोणावर तीन मिनिटं, कोणावर पाच. एक हँडसेट अडकला तर रिपीटर सगळ्यांसाठी बंद, रात्री तेवढा वेळ परवडणारा नाही.

१३ एप्रिल

पाऊस स्वतःहून आला, नाहीतर बादली घेऊनच बसणार होतो.

हँडसेटवर आयपी६७ लिहिलंय, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ही हमी जॅकवरचं रबरी झाकण बंद असताना. माईक लावला की झाकण उघडं, आणि खरा प्रश्न माईकच्या प्लगचा. आमच्या प्लगला रबरी कडा आहे, स्क्रूवाल्या सहांत ती घट्ट दाबली जाते, बाकी चारांत नुसती टेकते. त्या चारांना कडेवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. दोन तासांच्या पावसात आत पाणी नाही.

माईक बंद पडले नाहीत, पण चौघांचे आवाज अचानक घुसमटले. टाचणीएवढ्या छिद्रात पाण्याचा एक थेंब बसला की झालं, आवाज आत जाणार कुठून? माईक उलटा धरून तळव्यावर दोनदा आपटायचा, थेंब निघतो. छिद्रात काडी घालायची नाही, आतला पातळ पडदा फाटेल. माईक पट्ट्यावर किंचित तिरका, छिद्र खाली राहील असा अडकवला तर थेंब बसतच नाही.

वाऱ्यासाठी छिद्रावर कापडी टेप लावून पाहिली. वारा गेला, आवाजही गेला. फोमचा पातळ तुकडा लावला, तो पावसात भिजून चिखल झाला. शेवटी साधं जमलं: बोलताना माईकला वाऱ्याकडून पाठ, तोंडापासून चार बोटं लांब आणि छिद्रावर सरळ न फुंकता गालाच्या बाजूने बोलायचं.

२० एप्रिल

आज सामानाला हात नाही, फक्त माणसांचा सराव.

बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. बॅटरी वाचवायला ऐकणारे हँडसेट मधूनमधून झोपतात, त्यांना जागं व्हायला क्षण लागतो, रिपीटरलाही टोन (बोलण्यासोबत जाणारी ओळखीची खूण) ओळखायला क्षण लागतो. नाहीतर ‘नऊ नंबर चौकी’चं ‘नंबर चौकी’ होतं, आणि कोणती चौकी हे विचारण्यात आणखी दोन फेऱ्या जातात. माईक खांद्यावर असला की लोक हे जास्तच विसरतात. हँडसेट तोंडाशी नेण्यात जो वेळ जायचा तोच आधी ही विश्रांती देत होता, हे मला आजच उमगलं.

एका काकांना सकाळपासून काहीच ऐकू येत नव्हतं. माईकच्या बुडाशी इअरफोनसाठी ३.५ मिमीचं भोक आहे. त्यांच्या पिशवीतला इअरफोन त्यात खोचलेला राहिला होता आणि सगळं बोलणं पिशवीच्या तळाला ऐकू जात होतं. इअरफोन लावला की माईकचा स्पीकर बंद होतो. ज्यांना हवाच आहे त्यांनी आधी आवाज कमी करायचा, मग कानात घालायचा, स्पीकरला ठीक वाटणारा आवाज कानात घणासारखा बसतो.

दोघे शेजारी उभे राहून एकाने बटण दाबलं की दुसऱ्याच्या स्पीकरचा आवाज पहिल्याच्या माईकमध्ये, आणि शिट्टी. पाच पावलं लांब व्हायचं. व्हॉक्स, म्हणजे बटण न दाबता नुसत्या आवाजावर ट्रान्समिट सुरू होण्याची सोय, सगळ्यांचं बंद केलं. धापा टाकणाऱ्या माणसाच्या गळ्याशी व्हॉक्स चालू ठेवणं म्हणजे त्याच्या धापा सगळ्यांना ऐकवणं.

२७ एप्रिल, स्पर्धेची रात्र (नोंद दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर लिहिली)

संध्याकाळी सहा ते सकाळी सात. दहा माईक गेले, आठ नीट परत आले.

रात्री अकराच्या सुमारास रिपीटरवर फक्त कपड्यांचं घासणं आणि कोणाचा तरी श्वास. ६० सेकंदांनी टायमरने तोडलं, दहा सेकंद शांत, परत तेच. कोण आहे हे विचारायला चॅनेल मोकळं कुठे? त्या दहा-दहा सेकंदांच्या फटीत एकेका चौकीने आपला क्रमांक सांगायचा असं ठरवलं, जो सांगणार नाही तो. क्र. ७. चौकी जवळच होती, माणूस धावत पाठवला. यावेळी बटणात चुरा नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांनी रेनकोट माईकच्या वरून घातला आणि पिशवीचा छातीवरचा आडवा पट्टा नेमका बटणावर आवळला. म्हणजे मी मीटर घेऊन शोधलेला दोष खरा होता, दुरुस्तही झाला होता आणि त्याचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. एकूण अकरा मिनिटं गेली. माईक रेनकोटच्या बाहेर, हे सांगायचं राहिलं होतं. सांगायचं माझ्याकडेच होतं.

पहाटे तीनला सहाव्या चौकीचं बोलणं तुटायला लागलं, मग बंदच. केबल प्लगपाशी, जिथे फेराईटच्या ओढीसाठी टेप लावायला हवी होती आणि लावली नव्हती, तिथेच आतून तुटली. त्या ताई वीस मिनिटं संपर्काबाहेर होत्या. माईकचा प्लग उपटला की हँडसेट पहिल्यासारखा चालतो, हे त्यांना रात्री तीन वाजता, थंडीत, आठवलं नाही. आम्ही सरावात हे एकदाही करून घेतलं नव्हतं.

बाकी सांगायचं तर: एका धावकाचा पाय मुरगळला, त्याला उचलायला दोन्ही हात लागलेल्या आमच्या माणसाने हनुवटी वळवून, एका बोटाने बटण दाबून मदत मागितली आणि एका हाकेत ती पोचली. गेल्या वर्षी त्याला आधी पिशवी उतरवावी लागली असती.

५ मे

सामान वाळवून, पुसून, मोजून ठेवलं. गुंडाळलेल्या केबली ताणून गुंडाळायच्या नाहीत, नाहीतर गुंडाळी सैल होऊन कायमची लोंबते. सैल वेटोळ्यात ठेवल्या.

तुटलेली केबल जोडायचा प्रयत्न केला. आतल्या तारा नेहमीच्या नाहीत, धाग्याभोवती तांब्याची पातळ फीत गुंडाळलेली. सोल्डर त्यावर धरतच नाही, धागा जळतो आणि फीत गळून पडते. तीन तास घालवून सोडून दिलं. त्यातली माईकची डबी, बटण आणि क्लिप सुटे भाग म्हणून ठेवले.

क्र. ७ चालतोय. तरी त्याच्यावर लाल रंगाने ‘रेनकोटच्या वर’ असं लिहून टाकलंय. प्रत्येक हँडसेटच्या मागे आता एक चिकटपट्टी आहे: ‘आवाज गेला? प्लग काढ, हँडसेटवर बोल.’ ती रात्री टॉर्चशिवाय वाचता येत नाही, हे काल चिकटवून झाल्यावर लक्षात आलं.